कसबा बावडा व करवीरच्या परिसरांतील उपरी वस्ती

१. विषयप्रवेश

जुनीं दप्तरें चाळणारास ‘बावडा’ हें नांव वारंवार भेटतें आणि तितक्याच वेळां चकवितें. गगनगडाखालचा बावडा पंत अमात्यांच्या जहागिरीचा. इंदापूर तालुक्यांतील बावडा निराळा. आणि कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या कांठीं वसलेला कसबा बावडा हा तिसरा. प्रस्तुत लेखाचा संबंध या तिसऱ्या बावड्याशीं व त्याच्या भोंवतालच्या चार-सहा कोसांच्या मुलखाशीं आहे. हा गांव आज कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतो. शाहू छत्रपतींचा जन्म १८७४ सालीं येथील लक्ष्मीविलास वाड्यांत झाला. पावसाळ्यांत पंचगंगेच्या पुराची पातळी ज्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात तो येथलाच. आणि राजाराम साखर कारखानाहि येथल्याच शिवारांत उभा आहे.

परंतु वाडा, बंधारा व कारखाना यांचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. या मुलखांत बाहेरून माणसें केव्हां व कशीं आलीं, त्यांस जागा कोणीं व कोणत्या अटीवर दिली, आणि त्यांच्या येण्यानें येथील समाजांत व व्यवहारांत काय फेर पडला, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

परदेशांतून किंवा परप्रांतांतून येणाऱ्या लोकांमुळें राष्ट्राचें बरें होतें कीं वाईट, हा वाद सांप्रत जगांतील अनेक देशांत चालू आहे. एक पक्ष म्हणतो, परस्थ आला कीं गांवकऱ्याचा घांस गेला. दुसरा पक्ष म्हणतो, तो आपल्या कष्टानें व भांडवलानें नवा घांस निर्माण करतो. दोन्ही पक्ष येणारा मनुष्य कसा आहे याचीच चिकित्सा करीत बसतात. करवीरच्या परिसराचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, येणारा कोण होता यापेक्षां त्याचा पाय येथें कोणत्या कागदावर टेकला, यावर पुढील परिणाम अधिक अवलंबून राहिला. हें विधान सिद्ध करण्याकरितां प्रथम आपल्या जुन्या गांवगाड्याची परिभाषा ध्यानांत घेतली पाहिजे.

२. उपरी व थळकरी

महाराष्ट्रांतील जुन्या गांवांत जमीन कसणारांचे दोन वर्ग असत हें वाचकांस विदित आहेच. थळकरी किंवा मिरासदार हा गांवचा मूळ खातेदार. जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा व वारसांस देण्याचा त्यास हक्क असे. दुष्काळानें वा धामधुमीनें तो परागंदा झाला तरी मागाहून परत येऊन तो किंवा त्याचे वंशज आपली मिरास मागूं शकत. उपरी हा दुसऱ्या गांवाहून येऊन पडित किंवा गतकुळी जमीन करारानें कसणारा. तो केव्हांहि सोडून जाण्यास मोकळा असे. पण गोतसभेंत त्यास बसावयास जागा नसे आणि गांवच्या मानपानांत त्याचें नांव येत नसे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ सालीं एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांतहि या दोन वर्गांची दखल घेतलेली आहे.

येथें एक गोष्ट मात्र बहुधा दृष्टीआड होते. हे दोन वर्ग म्हणजे दोन जाति नव्हेत. उपरी कायमचा उपरीच राहावा असा नियम नव्हता. गांव ओस पडलें किंवा जमीन पडित राहिली म्हणजे सरकारचा वसूल बुडे व बलुतेदारांचें बलुतेंहि बुडे. म्हणून पाटील व सरकार मिळून बाहेरच्या कुणब्यास कौल देत. पहिल्या वर्षीं नाममात्र धारा, पुढें दरसाल थोडा वाढवीत शेवटीं पूर्ण धारा, अशा रीतीचा इस्तावा बांधून देत. कांहीं वर्षें त्यानें जमीन नीट राखली, पाणवठ्याचे व सणवाराचे संबंध जुळले, म्हणजे गोताच्या साक्षीनें तो मिरास विकतहि घेऊं शके. त्या मिरासपत्रावर पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी उमटली कीं उपऱ्याचा थळकरी झाला. त्याच्या नातवास आपला आजा कोठून आला याची आठवण ठेवण्याचें कारण उरत नसे.

याचा अर्थ असा कीं, परस्थास सामावून घेण्याची एक रीति आपल्या गांवगाड्यांत होती व तिला तीन अंगें होतीं. आरंभीं सूट देणारा कौल, मध्यंतरीं हळूहळू चढणारी जबाबदारी, आणि अखेरीस हक्काचा कागद. हा गांवगाडा सर्वांस न्याय देत होता असें आम्ही म्हणत नाहीं. अस्पृश्य गणलेल्यांस तो मिरासीच्या मानापासून दूर ठेवी आणि वेठ मात्र त्यांजकडून घेई. परंतु परस्थाच्या प्रश्नापुरती त्याची रीति स्पष्ट होती. तीच कसोटी आपण पुढील प्रकरणांस लावूं.

३. आज्ञापत्रांतील विचार

राज्याच्या पातळीवर हाच प्रश्न करवीरच्या दरबारांत फार पूर्वीं उपस्थित झाला होता. रामचंद्र नीलकंठ अमात्य यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास करवीरकर संभाजी छत्रपतींच्या नांवें जें आज्ञापत्र लिहिलें, त्यांतील दोन प्रकरणें या दृष्टीनें एकत्र वाचण्यासारखीं आहेत. साहुकारांविषयींच्या प्रकरणांत अमात्य परमुलखांतील थोर साहुकारांस दिलासा देऊन आणावें, पेठांतून त्यांस घरादुकानांस जागा द्याव्या, त्यांचा सन्मान ठेवावा, असें सांगतात. कारण संकटकाळीं राज्यास द्रव्य व दुर्मिळ जिन्नस त्यांच्याच हातून मिळतात. टोपीकरांविषयीं मात्र ते सावध आहेत. हे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या मागें राजे आहेत व यांस भूमीचा लोभ आहे, म्हणून यांस समुद्रकांठीं ठाव देऊं नये व बळकट इमारती बांधूं देऊं नयेत, असा त्यांचा अभिप्राय आहे.

परका म्हणून सर्वांस दूर ठेवा, असें अमात्यांनीं म्हटलें नाहीं; आणि परका म्हणून सर्वांस जवळ करा, असेंहि म्हटलें नाहीं. कोणास, कोठें, कोणत्या शर्तीवर जागा द्यावी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढील दोन शतकांचा अनुभव पाहतां टोपीकरांविषयींची त्यांची शंका अस्थानीं नव्हती हें सांगणें नकोच. साहुकारांविषयींचा त्यांचा सल्ला मात्र करवीरच्याच गादीवर १८० वर्षांनीं पुन्हां अंमलांत आला.

४. शाहुपुरी

बावड्याच्या वाड्यांत जन्मलेले कागलकर घाटग्यांचे पुत्र यशवंतराव हे १८८४ सालीं दत्तक जाऊन शाहू छत्रपति झाले व १८९४ सालीं त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला. तत्पूर्वीं, १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. पंचगंगा व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या कांठची जमीन उसाची, गुऱ्हाळें गांवोगांव, पण गूळ विकावयाचा तर शेतकऱ्यास जवळ बांधीव पेठ नव्हती. १८९५ सालीं महाराजांनीं रेल्वेच्या आश्रयानें शाहुपुरी पेठ वसविली व व्यापाऱ्यांस सवलती देऊन तेथें आणिलें. गुजराती, मारवाडी, लिंगायत इत्यादि व्यापारी तेथें स्थायिक झाले. करवीरच्या गुळास गुजराथेंत मोठें गिऱ्हाईक होतें. ज्यांचे सोयरेधायरे त्या गिऱ्हाइकाच्या गांवीं होते असे अडत्ये येथें येऊन बसल्यामुळें गुऱ्हाळ व गिऱ्हाईक यांची गांठ पडली. १९१७ च्या सुमारास वसविलेलें जयसिंगपूर हा याच धोरणाचा दुसरा नमुना होय.

परिणाम काय झाला? शेतकऱ्यास ठरलेला सौदा मिळूं लागला, उसाचें क्षेत्र वाढण्यास उत्तेजन मिळालें, हमाल, तोलाईदार, गाडीवान यांस काम मिळालें. त्याबरोबर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अडत्या शेतकऱ्यास हंगामापूर्वीं उचल देई. उचल घेतलेला शेतकरी आपला गूळ दुसऱ्याच्या दुकानीं नेण्यास मोकळा राहत नसे. पेठेंतील द्रव्य परस्थांच्या हातीं व शिवारांतील कष्ट गांवकऱ्यांच्या वांट्यास, अशी भावना पुष्कळ वर्षें नांदली. ती निराधार होती असें म्हणवत नाहीं. परंतु तिचा शेवट हाकालपट्टींत झाला नाहीं. पेठेंतील घराण्यांस जागेचा हक्क होता, म्हणून त्यांनीं मिळविलेलें द्रव्य येथेंच घरांत, देवळांत व शाळांत घातलें. ज्यास उद्यां निघून जावयाचें नाहीं तो शेजाऱ्याशीं भांडतो व समेटहि करतो. आज शाहुपुरींतील जुन्या घराण्यांस परस्थ म्हणावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. येथें कौलहि होता व कागदहि होता.

५. वळिवड्याची पोलिश छावणी

आतां या कसोटीस अगदीं निराळें असें उदाहरण घेऊं. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें व १७ सप्टेंबर रोजीं रशियानें पोलंडवर चाल केली. पूर्व पोलंडांतील लक्षावधि लोकांस १९४० व १९४१ सालीं आगगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि प्रांतांत नेण्यांत आलें. पुढें जर्मनीनें रशियावरच हल्ला केल्यामुळें ३० जुलै १९४१ रोजीं रशिया व लंडनस्थ पोलिश सरकार यांच्यामध्यें करार होऊन हे लोक मोकळे झाले. पुरुष सेनापति आंडर्स यांच्या सैन्यांत दाखल झाले. आणि १९४२ सालीं त्या सैन्याबरोबर बायका, मुलें व वृद्ध कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत आलीं. तेथून त्यांची पांगापांग झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांस आश्रय दिला, तें वृत्त प्रसिद्ध आहे. परंतु हिंदुस्थानांतील पोलिश लोकांची सर्वांत मोठी वसाहत झाली ती कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेच्या रेल्वेवर, वळिवडें येथें. राजाराम महाराज १९४० सालीं निवर्तल्यामुळें संस्थानांत त्या वेळीं रीजन्सीचा कारभार होता. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश माणसें तेथें राहिलीं.

बराकींच्या रांगा, शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, नाटकगृह, बालवीरांचीं पथकें, असें एक लहानसें पोलंडच त्या माळावर उभें राहिलें. पांच हजार माणसांस रोज लागणारें दूध, भाजी, धान्य व सरपण भोंवतालच्या गांवांनींच पुरविलें. त्यामुळें युद्धकाळच्या महागाईंत त्या गांवांत रोकड खेळूं लागली. या लोकांविषयीं वैरभाव निर्माण झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. करवीरकरांच्या स्मरणांत ते आदरानें राहिले आहेत, व त्यांच्या स्मरणांत करवीर राहिलें आहे.

तरी पण या वस्तीचा आर्थिक ठसा या मुलखावर जवळजवळ उमटला नाहीं. याचें कारण त्यांचा आळस किंवा अनास्था हें नव्हे. छावणीचा खर्च बाहेरून येई. तिची शाळा पोलंडच्या भावी नागरिकांकरितां होती. तिच्यांतील स्त्रियांचे पति व पुत्र इटलीच्या रणांगणावर होते. आणि सर्वांचें चित्त परत जाण्याकडे लागलें होतें. जुलै १९४५ मध्यें इंग्रजांनीं लंडनस्थ पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या पूर्व पोलंडांतून हे लोक आले तो प्रदेश रशियाच्या हद्दींत गेला. तेव्हां परत जावयाचें तें घरच नाहींसें झालें. तथापि येथें राहा असेंहि त्यांस सांगणारा कोणी नव्हता. कित्येक इंग्लंडास गेले, कांहीं पोलंडास परतले, कांहीं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अमेरिकाखंडाकडे पांगले. विवाहसंबंधानें येथेंच राहिलेलीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं.

आज त्यांच्या राहण्याच्या खुणा म्हणजे कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींतील थडगीं, महावीर उद्यानांत १९९८ सालीं उभारलेला स्मारकस्तंभ, व वॉर्सा येथील कोल्हापूरचें स्मारक, ज्यास २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत भारताच्या पंतप्रधानांनीं भेट दिली. म्हणजे या वस्तीनें स्नेह मागें ठेवला, स्मृति मागें ठेवली. पेठ मागें ठेवली नाहीं. जुन्या परिभाषेंत सांगावयाचें तर हे लोक करवीरचे पाहुणे होते. पाहुण्यास पाट मांडतात, त्याच्या नांवें मिरास लिहीत नाहींत.

६. त्याच बराकी, दुसरी वस्ती

इतिहासांत एकाच भूमीवर व एकाच इमारतींत दोन निराळे प्रयोग लागोपाठ घडल्याचीं उदाहरणें थोडीं. वळिवडें हें त्यांपैकीं एक आहे. १९४७ च्या फाळणींत ७० लक्षांहून अधिक माणसें पाकिस्तानांतून भारतांत आलीं. त्यांतील सिंधी हिंदूंस सिंधचा एकहि तुकडा भारतांत न राहिल्यामुळें ‘आपला प्रांत’ असा उरला नाहीं. मुंबई इलाख्यांत त्यांच्यासाठीं जेथें जेथें रिकाम्या छावण्या होत्या तेथें तेथें त्यांस उतरविण्यांत आलें. कल्याण येथील लष्करी छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. वळिवड्याच्या पोलिश बराकींतहि सिंधी बिऱ्हाडें आलीं व त्या वसाहतीस गांधीनगर हें नांव मिळालें. याच संधींत, १ मार्च १९४९ रोजीं, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें.

बराकी त्याच, माळ तोच, रेल्वेचा रस्ताहि तोच. परंतु यावेळीं येणारांस परत जावयाचें नव्हतें व सरकारासहि तें ठाऊक होतें. ते देशाचे नागरिक होते. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाच्या कायद्यानें सिंधमध्यें सोडलेल्या मिळकतींचे तपासलेले दावे भरपाईस पात्र ठरविले आणि राहती जागा कायमची आपली होण्याची वाट खुली केली. म्हणजे प्रथम आसरा, मग तपासणी, मग हक्काचा कागद. गांवगाड्याच्या कौल, इस्तावा व मिरासपत्र या तीन पायऱ्यांचीच ही नवी आवृत्ति म्हणतां येईल.

पुढें काय झालें तें सर्वांसमोर आहे. गांधीनगर ही घाऊक कापडाची मोठी पेठ झाली. कोंकण, गोमंतक, बेळगांवचा सीमाभाग व दक्षिण महाराष्ट्र येथील दुकानदार तेथें माल भरावयास येऊं लागले. घाऊक व्यापाऱ्याची रीति अशी कीं, नफा थोडा घ्यावा व माल पुष्कळ फिरवावा; उधारीवर माल द्यावा व माणसाची पत ओळखावी. या रीतीमुळें लहान गांवांतील होतकरू दुकानदारास थोड्या भांडवलावर दुकान मांडतां आलें. उचगांव, वळिवडें व खुद्द कोल्हापुरांतील पुष्कळांस हमालीचें, दुकानांतील, वाहतुकीचें काम मिळालें. शहरांतील जुन्या कापडवाल्यांस या चढाओढीची झळ लागली हेंहि तितकेंच खरें. नवी पेठ उभी राहते तेव्हां जुन्या पेठेची थोडी तरी मोड होतेच; तो हिशेब करतांना गिऱ्हाइकाचा लाभहि जमेस धरावा लागतो.

यावर कोणी असें म्हणेल कीं, हा फरक कागदाचा नसून माणसांचा आहे. शिकारपूर व हैदराबाद येथील सिंधी व्यापारी मध्य आशियापासून दूरच्या बंदरांपर्यंत पेढ्या चालविणारे. त्यांस व्यापार शिकवावा लागला नाहीं. पोलिश वस्तींत तर बायका व मुलेंच अधिक. हा आक्षेप अर्धा खरा आहे. परंतु फाळणीनंतर बराकींत उतरलेला प्रत्येक सिंधी पेढीवाला नव्हता. आरंभीं डोक्यावर गठ्ठा घेऊन कापड व खाऊ विकीत फिरणारेहि त्यांत होते. कौशल्य असून जागा नसेल तर तें कौशल्य दुसऱ्या गांवीं जातें. आणि जागा असेल तर नसलेलें कौशल्यहि दुसऱ्या पिढींत येतें. पोलिश मुलांनीं पुढें इंग्लंडांत व इतरत्र हेंच सिद्ध केलें. त्यांचें कौशल्य वळिवड्याच्या उपयोगी पडलें नाहीं, एवढेंच.

७. बावड्याच्या शिवारांतील उपरी

आतां पुन्हां कसबा बावड्याकडे येऊं. जुन्या कागदांत ‘परमुलूख’ म्हणजे समुद्रापलीकडचा देशच असें नव्हे. चार मजलांवरचा परगणाहि परमुलूखच असे. त्या अर्थानें या गांवीं परमुलखांतील माणसें दरसाल येतात. १९३० नंतरच्या दशकांत कोल्हापूर शुगर मिल्स या नांवानें येथें साखर कारखाना निघाला. तोच पुढें राजाराम सहकारी साखर कारखाना झाला. शाहू महाराजांच्या काळीं सुरू झालेलें राधानगरी धरण स्वातंत्र्योत्तर काळांत पुरें झालें व नदीकांठचा ऊस आणखी वाढला. हा ऊस कांहीं अंशीं येथल्याच डोंगरी तालुक्यांतील मजूर तोडतात. पण जिल्ह्यांत कारखाने वाढले तसे बीड जिल्हा, पाथर्डी-शेवगांवचा भाग, जत इत्यादि अवर्षणाच्या मुलखांतून तोडकरी येऊं लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला.

त्यांची व्यवस्था अशी असते. मुकादम पावसाळ्यांतच गांवोगांव फिरून उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा असेल तर अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानांत पालें किंवा पाचटाच्या खोपी पडतात. पहांटे थंडींत तोड सुरू होते व रात्रीं गाडी भरून संपते. तोडलेल्या टनांवर मजुरी. तींतून उचल फिटते. न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर जाते. हंगाम संपला कीं टोळी परत जाते व पुढल्या सालीं पुन्हां येते. कित्येक घराण्यांची तिसरी पिढी आज हेंच काम करीत आहे.

येथें वाचकांनीं दोन गोष्टींची तुलना करावी. शाहुपुरींतील अडत्यानें शेतकऱ्यास दिलेली ती उचल व मुकादमानें तोडकऱ्यास दिलेली हीहि उचलच. परंतु शेतकऱ्याच्या पाठीशीं जमिनीचा उतारा होता. आज ना उद्यां ती उचल फेडून तो मोकळा होऊं शके. तोडकऱ्याच्या पाठीशीं येथील कोणताच कागद नाहीं. करवीरच्या संपत्तींत शाहुपुरी व गांधीनगर यांचा भाग मोठा खरा. पण उसाच्या कांड्यावर पहिला कोयता चालविणाराचा भाग त्याहून कमी मानतां येणार नाहीं. तो या भूमीवर दरसाल पांच-सहा महिने राहतो, म्हणजे आयुष्याचा अर्धा भाग येथें घालवितो. तरी त्याचें घर येथें नाहीं, मत येथें नाहीं. आणि मुलगा येथील शाळेंत अर्धें वर्ष व गांवच्या शाळेंत अर्धें वर्ष, असा दोन्हीकडे अर्धवट. साखरशाळांचे प्रयत्न झाले, ते स्तुत्य होते. पण हंगामाबरोबर उठणाऱ्या शाळेंत विद्या बसत नाहीं.

अलीकडे राज्य सरकारनें ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें कल्याण महामंडळ स्थापन केलें व त्यांस ओळखपत्रें देण्याचें ठरविलें. तोडकऱ्याच्या नांवाचा हा पहिलाच सरकारी कागद म्हणतां येईल व म्हणून त्याचें महत्त्व आहे. परंतु तें ओळखपत्र त्यास त्याचा मूळ गांव देतो. ज्या गांवांत तो राबतो तो गांव त्यास कांहींच लिहून देत नाहीं. जुना उपरी तरी कौल घेऊन येई. हा नवा उपरी उचल घेऊन येतो. कौलांत सवलत आधीं व देणें मागाहून. उचलींत देणें आधीं, व सवलत कोठेंच नाहीं.

तोडकरी निर्धन, म्हणून त्याचा पाय टिकत नाहीं, असें म्हणणें सयुक्तिक नाहीं. गतकुळी जमिनीवर येणारा जुना कुणबीहि निर्धनच असे. म्हणूनच त्यास इस्तावा बांधून देण्याची रीति पडली. निर्धनतेवर आपल्या पूर्वजांजवळ उपाय होता. आपणांजवळ तो नाहीं असें नव्हे. तोडकऱ्यापुरता आपण तो योजिला नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

८. उपसंहार व विनंति

एकंदरींत पाहतां असें दिसतें कीं, सव्वाशें वर्षांत या चार-सहा कोसांच्या मुलखांत चार प्रकारचे परस्थ आले. शाहुपुरीच्या व्यापाऱ्यांस दरबारनें पेठेंत जागा दिली, ते गांवकरी झाले. पोलिश लोकांस आदरानें ठेवून घेतलें, पण त्यांचें राहणें तात्पुरतेंच धरलें. ते स्नेह ठेवून गेले. सिंधी लोकांस त्याच बराकींत हक्क मिळाला. त्यांनीं पेठ वसविली. ऊसतोड्यांस कांहींच मिळालें नाहीं. ते सर्वांहून अधिक वेळां आले व अजून उपरीच आहेत. परस्थांनीं राष्ट्राचें हित केलें कीं अहित, हें ठरवितांना त्यांच्या हातीं आपण कोणता कागद दिला हें प्रथम विचारावें, असें या इतिहासाचें सांगणें आहे.

आतां संग्राहकांस एक विनंति. आपण शिक्कामोर्तबाच्या सनदा, महजर व निवाडपत्रें जपतों, तें योग्यच आहे. पण त्या सनदा मिळालेल्यांच्या आहेत. न मिळालेल्यांचे कागद कोणी जपत नाहीं. गांधीनगरच्या जुन्या दुकानांतील वह्यांत सिंधी व्यापाऱ्यांची वाणिको लिपि आढळण्याचा संभव आहे. ती आपल्या मोडीसारखीच व्यवहाराची, स्वरचिन्हें गाळून लिहिण्याची. वाचणारे वृद्ध आहेत व थोडे आहेत. शाहुपुरीच्या अडत-दुकानांतील कीर्द-खतावण्या, वळिवड्याच्या छावणीस दूध व भाजी पुरविणारांच्या पावत्या, आणि सर्वांत उपेक्षित म्हणजे मुकादमांच्या उचलीच्या चिठ्ठ्या व टोळीचे हजेरीपट, हे सर्व कागद आज रद्दीच्या भावानें जात आहेत. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेच्या पुराचें पाणी नदीकांठच्या घराघरांत शिरलें; तेव्हां माळ्यावर टाकलेल्या किती वह्या गेल्या त्याची मोजदाद नाहीं.

कसबा बावड्यांत व भोंवतालच्या गांवांत ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते टाकूं नयेत, आणि आमच्या संग्राहक मित्रांनीं त्यांस दप्तरांत जागा द्यावी. मुकादमाच्या चिठ्ठीवर शिक्का नसतो, मोर्तब नसतें. पुष्कळदां नुसता अंगठा असतो. पण शंभर वर्षांनीं या मुलखाचा इतिहास लिहावयास बसणारास त्या अंगठ्यावांचून आपलें लेखन पुरें करतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.